काका, हा अ‍ॅड करावा लागेल

इंटरनेट चालत असेल तर श्रेय प्लॅनचं आणि चालत नसेल तर दोष मोडेमचा, हा आमच्या सोसायटीतला सर्वमान्य सिद्धान्त आहे. प्लॅनवर कोणी शंका घेत नाही, कारण त्याचे सहा महिन्यांचे पैसे आगाऊ भरलेले असतात आणि भरून झालेल्या पैशांवर शंका घेणं डोंबिवलीकराच्या प्रकृतीला मानवत नाही. वायरवर शंका घ्यावी तर ती दिसत नाही. गच्चीवरून, शेजारच्या इमारतीच्या पत्र्यावरून, दोन नारळांच्या मधून ती पुढे कुठे जाते ते फक्त कावळ्यांना ठाऊक. राहता राहिला टीव्हीच्या मागचा पांढरा डबा. तो जवळ असतो, गरीब दिसतो आणि उलट उत्तर देत नाही. त्यामुळे मॅचच्या शेवटच्या ओव्हरला पडद्यावर गोल फिरायला लागला, की घरातला कर्ता पुरुष उठतो, डब्याचं बटण बंद करतो, मनात दहा अंक मोजतो, बटण पुन्हा चालू करतो आणि जाहीर करतो, “मोडेम बदलायला हवा.”

इथपर्यंत घरात एकमत असतं. पुढे मात्र पंचाईत. मराठी माणूस पंचवीस हजारांचा फोन अर्ध्या तासात घेतो, पण दोन हजारांच्या मोडेमसाठी जनमत चाचणी घेतो. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘चांगला मोडेम सुचवा’ एवढे तीन शब्द पडायचा अवकाश, की पाण्याच्या टाकीचा वाद बाजूला पडतो आणि पंथ उभे राहतात. ‘मला त्यातलं काही कळत नाही’ म्हणणारा एकही पंथ त्यांत नसतो.

सगळ्यात जुना पंथ अँटेनावाद्यांचा. जितक्या दांड्या तितका वेग, हे त्यांचं एकमेव सूत्र. आमच्या सेक्रेटरींकडे सहा दांड्यांचा डबा आहे. त्यांनी दोन दांड्या हॉलकडे रोखल्या आहेत, दोन मुलाच्या खोलीकडे, एक स्वयंपाकघराकडे आणि उरलेली एक ईशान्येला. तिकडे काही नसलं तरी दिशा चांगली म्हणून. अडचण एवढीच, की लहरी या दांडीच्या टोकातून सुटत नाहीत, तिच्या अंगाच्या चहूबाजूंनी पसरतात. म्हणजे ज्या खोलीवर टोक रोखून धरलं, तिच्याच वाट्याला सगळ्यात कमी येतं. मुलाच्या खोलीत नेट रडतं ते यामुळे. हे मी सेक्रेटरींना सांगणार होतो, पण मुलगा बारावीला असल्यामुळे त्यांच्या सौभाग्यवतींनी मला डोळ्यांनीच गप्प बसवलं. आता त्या दोन दांड्या निकाल लागेपर्यंत तशाच राहतील.

दुसरा पंथ आकडेवाद्यांचा. हे लोक खोक्यावरचा मोठा आकडा वाचतात आणि निर्णय देतात. खोक्यावर ‘एसी १२००’ असेल तर त्यांच्या मते घरात १२०० एमबीपीएस वाहू लागतात. वस्तुस्थिती अशी, की अशा डब्यात दोन रेडिओ असतात. एक २.४ गिगाहर्ट्झवर फार तर ३०० देतो, दुसरा ५ गिगाहर्ट्झवर ८६७. तेही कागदावर. कंपनी दोघांची बेरीज करून खोक्यावर छापते, जरी आपला फोन एका वेळी एकाच रेडिओशी बोलत असला तरी. हे ऐकून तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त बँक मॅनेजर बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “तीनशे अधिक आठशे सदुसष्ट म्हणजे अकराशे सदुसष्ट. बाराशे कसे?” मी म्हटलं, पुढच्या शंभरावर नेतात. “वरचे तेहतीस कोणाच्या खात्यातले?” ते म्हणाले. “तेहतीस रुपयांचा फरक लागायचा तेव्हा आम्ही रात्री दहापर्यंत शाखा उघडी ठेवायचो.”

त्याहून मोठी अफरातफर खोक्याच्या मागच्या बाजूला, मुंगीच्या अक्षरांत असते, हे मी त्यांना नंतर हळूच दाखवलं. पुढे १२०० छापलेल्या कित्येक स्वस्त राउटरांच्या पाठीमागे जे भोक असतं, ज्यातून इंटरनेट आत यायचं, ते १०० एमबीपीएसचं असतं. मग तुम्ही दोनशेचा प्लॅन घ्या की पाचशेचा, घरात येणार पंचाण्णव. उरलेले दाराबाहेर उभे. मॅनेजरांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि “गिगाबिट पोर्ट” हे दोन शब्द पासबुकाच्या मागे लिहून घेतले. मोडेमबद्दल आमच्या इमारतीत लिहिलं गेलेलं ते पहिलं उपयुक्त वाक्य.

तिसरा पंथ इतिहासकारांचा. तो एकाच व्यक्तीचा आहे, पण तिच्यापुढे बाकीच्यांचं चालत नाही, कारण ते आजोबा टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेत. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांना इंटरनेट खुलं केलं, ही तारीख ते स्वातंत्र्यदिनाच्या झेंडावंदनाला न चुकता सांगतात आणि मग किंचाळणाऱ्या मोडेमची नक्कल करून दाखवतात. लहान मुलं ती पुन्हा करायला लावतात. त्यांचं म्हणणं असं, की ‘हा मोडेम आपल्या लायनीला चालेल का’ हे दुखणं आजचं नाही. १९९७ साली ५६ केबीपीएसचे मोडेम आले, तेच मुळी दोन जातींचे आले. एक एक्स-टू, दुसरा के-५६-फ्लेक्स. दोघांचं आपसात जमत नव्हतं. आपल्या घरी एक जात आणि इंटरनेट देणाऱ्याकडे दुसरी असली, तर दोघं मुकाट्याने जुन्या, संथ वेगाने बोलायचे. १९९८ मध्ये व्ही-९० हे एकच मानक ठरलं तेव्हा ते भांडण मिटलं. पुढे २००५ च्या सुमारास बीएसएनएलचं ब्रॉडबँड फोनच्या तांब्याच्या तारेतून घरात शिरलं. सरकारी व्याख्येत तेव्हा २५६ केबीपीएस म्हणजे ब्रॉडबँड, आणि लोक तेवढ्यावर खूश होते.

“त्या वेळी कुठलाही एडीएसएल मोडेम आणा,” आजोबा म्हणतात, “दोन आकडे भरले की चालू. शून्य आणि पस्तीस. युजरनेम, पासवर्ड टाकला, विषय संपला.” हे दोन आकडे अख्ख्या गल्लीत फक्त त्यांना पाठ होते. त्या जोरावर त्यांनी कित्येक घरी पोहे खाल्ले. आजोबांना फायबर आवडत नाही त्याचं तांत्रिक कारण वेगळं असलं, तरी मूळ कारण पोहे हेच असावं. पण त्यांच्या बोलण्यात एक मुद्दा पक्का होता. त्या काळी मोडेम लायनीशी जुळवायची किल्ली ग्राहकाच्या हातात होती. ती आता कुठे गेली, याचा शोध आम्हाला पुढे लागायचा होता.

चौथा पंथ परदेशस्थ भाच्यांचा. समोरच्या काकूंचा भाचा न्यू जर्सीत असतो. तिकडे बऱ्याच घरांत टीव्हीच्या केबलमधूनच इंटरनेट येतं. कंपनीचा मोडेम वापरला तर ती महिन्याच्या महिन्याला भाडं लावते, म्हणून शहाणी माणसं स्वतःचा विकत घेतात. कुठले चालतील त्याची यादी कंपनीच देते, त्यावर डॉक्सिस ३.० की ३.१ ते बघायचं, दुकानातून आणायचा, केबल पिळून बसवायची आणि कंपनीला नंबर कळवायचा. सोपं. भाच्याने या सोपेपणाच्या भरात मावशीसाठी तिकडून डॉक्सिस ३.१ चा एक देखणा मोडेम आणला. केशर, बदाम आणि मोडेम एकाच बॅगेतून उतरले.

आमच्याकडे इंटरनेट येतं काचेच्या तारेतून, म्हणजे फायबरमधून, आणि त्या मोडेमला फायबरचं भोकच नव्हतं. मधोमध एक पितळी आट्यांचा खुंट. भाचा डगमगला नाही. गच्चीवरच्या डिशची काळी केबल टीव्हीच्या सेटटॉप बॉक्समध्ये आली होती, ती त्याने काढली आणि मोडेमला पिळली. आश्चर्य म्हणजे आट्या बरोबर बसल्या. डोंबिवलीत आणि न्यू जर्सीत एवढं साम्य असेल असं कोणालाच वाटलं नव्हतं. दिवे लागले, एक दिवा लुकलुकू लागला. “चॅनल शोधतोय,” भाचा म्हणाला. मोडेम गच्चीवरच्या छत्रीत इंटरनेट शोधत राहिला. तेवढ्यात साडेसात वाजले, काकूंची मालिका लागेना, आणि डॉक्सिस ३.१ ची निवड त्याच क्षणी रद्द झाली.

भाच्याला मात्र तत्त्व सोडवेना. “आपला मोडेम लावायचा आपला हक्क आहे,” तो जेवताना म्हणाला. हक्क आहे खरा, पण त्यांच्याकडे. १९६८ साली अमेरिकेत टेक्सासच्या टॉम कार्टर नावाच्या गृहस्थाने आपलं रेडिओचं यंत्र टेलिफोनला जोडू द्या म्हणून बलाढ्य फोन कंपनीशी भांडण काढलं आणि निकाल स्वतःच्या बाजूने लावून घेतला. तेव्हापासून फोनच्या जाळ्याला लोकांनी स्वतःची यंत्रं जोडायला वाट मोकळी झाली. जर्मनीत तर १ ऑगस्ट २०१६ पासून कायदाच आहे, की घरात राउटर कुठला हे गिऱ्हाईक ठरवणार, कंपनी नाही. आमच्याकडे या बाबतीत केबलवाल्याचा मूड असतो.

या पार्श्वभूमीवर मॅनेजर आणि मी त्यांच्यासाठी मोडेम घ्यायला मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला गेलो. कागदोपत्री त्या रस्त्याला डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग म्हणतात, पण त्या नावाने विचारलं तर माणसं दवाखाना शोधताय का म्हणतात. दादरला उतरून पश्चिम रेल्वेची स्लो पकडायची, ग्रँट रोडला उतरायचं आणि पिशवी पोटाशी धरून चालू लागायचं. तिथल्या दुकानदाराला तुमच्या अडचणीत रस नसतो. त्याला उत्तर पाठ असतं आणि तो त्याला साजेसा प्रश्न शोधत असतो.

“ओएनयू पाहिजे ना? जीपॉन की ईपॉन?” त्याने विचारलं.

“डोंबिवली ईस्ट,” मॅनेजर म्हणाले.

दुकानदाराने खेद न मानता प्रश्न बदलला. “जॅक हिरवा की निळा?”

याचं उत्तर आमच्याकडे होतं, कारण रंग कोणालाही दिसतो. हिरवा. तरी तो प्रश्न वाटतो तितका बाळबोध नव्हता. हिरव्या जॅकमध्ये काचेचं टोक आठ अंशांनी तिरकं घासलेलं असतं, निळ्यात सरळ. एकाची गाठ दुसऱ्याशी घातली तर तो आत बसतो, पण दोन टोकं नीट भिडत नाहीत आणि बराच प्रकाश वाटेतच सांडतो. जीपॉन आणि ईपॉन यांचं तर त्याहून अवघड. दोन्हीकडे तीच काच, तसाच दिसणारा डबा (दुकानदाराचा ओएनयू तो हाच), पण बोली निरनिराळ्या. जीपॉन घराकडे अडीच गिगाबिटने बोलतं, ईपॉन सव्वा गिगाबिटने, आणि एकाला दुसऱ्याचं अक्षर कळत नाही. आपल्याकडे कुठलं आहे हे बिलावर लिहिलेलं नसतं. मॅनेजरांनी बिल आणलं होतं. त्यावर जीएसटी दोन भागांत लिहिला होता, एवढाच त्यांना त्यातून दिलासा मिळाला.

“एक्सपॉन घेऊन जा,” दुकानदार म्हणाला. “दोनो चलेगा. लाईफटाईम.” हा एक्सपॉन दोन्ही बोली जाणतो, हे खरं. लाईफटाईम म्हणजे कोणाचा, हे मात्र त्याने सांगितलं नाही. वॉरंटी दुकानाचा उंबरा ओलांडेपर्यंत होती.

दुसऱ्या दिवशी केबलवाल्याचा मुलगा आला. हा मुलगा म्हणजे आमच्या भागातल्या इंटरनेटची खरी पायाभूत सुविधा. पाठीवर सॅक, सॅकमध्ये काच कापायचा चिमटा, लाल प्रकाशाचं पेन आणि पॉवर मोजायचं मीटर. तो घरात येताच पहिलं वाक्य बोलतो, “लाल लाईट लागलीय का?” आणि उत्तराची वाट न बघता डब्याकडे जातो. त्याने जॅक काढला, मीटरला लावला. “मायनस एकोणीस. पॉवर मस्त आहे, काका.” मॅनेजर दचकले. उणे एकोणीस मस्त असतं हे आयुष्यभर बँकेत काढलेल्या माणसाला पचणं कठीण. मुलाने समजावलं, की उणे सत्तावीसपर्यंत चालतं, त्याच्या खाली गेलं की डबा आंधळा होतो. ओव्हरड्राफ्टची मर्यादा म्हटल्यावर मॅनेजरांना ते तत्काळ कळलं.

मग त्याने नवा एक्सपॉन डबा लावला. पॉवरचा दिवा लागला. पॉनचा दिवा लुकलुकला आणि लुकलुकतच राहिला. मुलाने डबा उलटा करून खालचा स्टिकर वाचला आणि जे वाक्य उच्चारलं त्यात फायबर युगाचं सगळं सार आहे:

“काका, हा अ‍ॅड करावा लागेल.”

अ‍ॅड कुठे करायचा? तारेच्या त्या टोकाला. केबलवाल्याच्या ऑफिसात ओएलटी नावाचं एक कपाटवजा यंत्र असतं. तिथून निघालेली एक काच वाटेत फुटत फुटत बत्तीस किंवा चौसष्ट घरांत जाते. प्रत्येक घरातल्या डब्याचा नंबर त्या यंत्राच्या वहीत लिहिलेला असतो. वहीत नाव असेल तर बोलणार, नसेल तर तुमचा डबा सोन्याचा का असेना, त्याला दारात उभं करणार. मोडेम म्हणजे घरजावई. राहतो आपल्या घरी, वीज खातो आपली, शोकेसमधली मोक्याची जागा अडवतो, आणि ऐकतो मात्र तिकडचंच. आम्ही इतके दिवस आपल्या टोकाला उभे राहून दांड्या मोजत होतो, आकड्यांची बेरीज करत होतो, आणि तो चालेल की नाही हे दोन गल्ल्या पलीकडच्या एका गाळ्यात ठरत होतं. आजोबांची हरवलेली किल्ली तिथे लटकत होती.

मुलाने ऑफिसला फोन लावला. सर जेवायला गेले होते. मग सर आले, पण सिस्टिम त्यांच्याकडे नव्हती, दुसऱ्या सरांकडे होती. दुसरे सर म्हणाले, बाहेरचा डबा आपण अ‍ॅड करत नाही. का, याचं उत्तर नव्हतं. ते कधीच नसतं. पुढे मग मुलानेच, दाराबाहेर चपला घालताना, हळू आवाजात तोडगा सांगितला. कंपनीचा डबा काढू नका. तो काचेशी बोलतोय तेवढंच काम त्याला करू द्या, त्याचं वायफाय बंद करतो, आणि त्याच्या पिवळ्या भोकातून लॅनची केबल काढून तुमच्या पसंतीचा राउटर पुढे लावा. निवड करायची तर ती इथे. काचेचा डबा त्यांचा, वाऱ्याचा डबा तुमचा.

आणि इथे खरंच निवडण्यासारखं असतं. पोर्ट गिगाबिट हवा. पासबुकाच्या मागचं वाक्य अखेर कामी आलं. लॅनच्या केबलच्या जॅकमध्ये आठही तारा दाबलेल्या हव्यात, कारण चारच दाबल्या तरी ती चालते, पण शंभराच्या पुढे जात नाही आणि कोणाला सांगतही नाही. रेडिओ दोन्ही हवेत. २.४ वाला भिंती ओलांडून लांब जातो, पण इमारतीतले सगळे शेजारी, शिवाय चालू असलेला मायक्रोवेव्ह, त्याच अरुंद बोळात गर्दी करून असतात. ५ वाला वेगवान, पण दुसऱ्या भिंतीला दम टाकतो. शिवाय नवा राउटर लावला तरी नेट येत नसेल, तर केबलवाल्याने जुन्याचा मॅक, म्हणजे ओळखीचा, नंबर बांधून ठेवलेला असतो. नव्याला जुन्याचा नंबर सांगायला शिकवलं, की त्या टोकाला पत्ता लागत नाही. आयुष्यात नियमाने वागलेल्या मॅनेजरांना या तोतयेगिरीवर सही मागायची होती. मुलगा म्हणाला, “काका, सगळे करतात.”

एवढं होऊन शेवटी राउटर ठेवायचा कुठे, हे घरातली बाई ठरवते आणि तिथे कुठलंही मानक लागू होत नाही. मॅनेजरांचा राउटर दोन दिवस हॉलच्या मध्यावर उंचावर होता, आणि ते दोन दिवस मागच्या खोलीतही नेट धावत होतं. मग पाहुणे यायचे म्हणून तो टीव्हीच्या मागे गेला. तिथून लोखंडी कपाटावर. तिथे धूळ बसते म्हणून त्यावर क्रोशाचा रुमाल आला आणि बाजूला पितळी गणपती. अर्ध्या लहरी कपाटाने अडवल्या. गणपतीबद्दल बोलायची कोणाची हिंमत नाही.

आता ग्रुपवर पुन्हा कोणी ‘चांगला मोडेम सुचवा’ टाकलं की मॅनेजर अधिकारवाणीने उत्तर देतात: आधी केबलवाल्याला विचारा जीपॉन की ईपॉन, मग विचारा बाहेरचा डबा अ‍ॅड करता का, मग विचारा मॅक बांधलाय का, आणि मग खोक्याची मागची बाजू वाचा, पुढची नव्हे. चौघं अंगठा दाखवतात, पाचवा विचारतो, “पण दांड्या किती?”

मला कोणी एकट्याला गाठून विचारलं, तर मी इतकंही सांगत नाही. सगळे पंथ, सगळी मानकं आणि सगळे दिवे पाहून माझं मत झालं आहे, की घरच्या इंटरनेटला हमखास जुळतो तो मोडेम नव्हे, त्या मुलाचा मोबाईल नंबर. तो ज्याच्याकडे आहे त्याला कुठलाही डबा चालतो आणि ज्याच्याकडे नाही त्याला कुठलाच चालत नाही. नंबर माझ्याकडे आहे. पण तो मी कोणाला देत नाही. मुलगा एकच आहे, आणि इमारतीत बिऱ्हाडं चाळीस.